रस्ता खाली आहे

सीमंतिनी पुराणिक सायकलच्या शर्यतीची तयारी करते आहे, ही बातमी माधवगंजातल्या गल्लीला तिच्या तोंडून नाही, दोरीवरच्या कपड्यांवरून कळली. समोरच्या सुमनताई आवळे वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. पुराणिकांच्या दोरीवर एक काळी आखूड चड्डी लटकत होती आणि तिच्या बुडाला आतून चक्क उशी शिवलेली होती. सुमनताईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. दुपारपर्यंत गल्लीत ठरून गेलं की सीमंतिनीला मूळव्याध झाली आहे आणि बिचारी कोणाला सांगत नाही. संध्याकाळी एका घरून त्यावरचा उतारा म्हणून सुरणाची भाजीसुद्धा आली. सीमंतिनीने ती आवडीने खाल्ली आणि डबा धुऊन परत पाठवला, त्यामुळे संशय पक्का झाला.

खरी गोष्ट अशी होती की सेहेचाळीसाव्या वर्षी ही बाई डोंगरात सायकल चालवायला निघाली होती. एक दिवस नाही, लागोपाठ चार दिवस.

तोवरच्या तिच्या आयुष्यात लांबचा प्रवास असा नव्हताच. माहेर फूलबागेपलीकडे, सासर माधवगंजात. लग्नाची वरात वीस मिनिटांत पोचली, त्यातली दहा मिनिटं घोडा अडून बसला होता. नोकरी पाणी खात्याच्या कचेरीत, नकाशे काढण्याची. डोंगर किती उंच, उतार किती तीव्र, हे दाखवणाऱ्या ज्या वाकड्यातिकड्या रेषा नकाशावर असतात, त्या काढण्यात तिची बावीस वर्षं गेली. ग्वाल्हेरच्या आसपासची एक टेकडी तिने सोडली नव्हती, पण सगळ्या चढली होती त्या बोटाने.

मुलगा अपूर्व नोकरीला बंगलोरला गेला आणि त्याची जाड टायरांची सायकल जिन्याखाली राहिली. सासरे तात्यासाहेब तिच्या एका मुठीला छत्री अडकवत आणि दुसऱ्या मुठीला कानटोपी. एका रविवारी सीमंतिनीने छत्री आणि कानटोपी उतरवून ठेवली, कोथिंबीर आणायला म्हणून निघाली आणि किल्ल्याच्या उरवाई दरवाजाशी जाऊन उभी राहिली. तिथून वर जाणारा रस्ता असा आहे की मोटारीसुद्धा कण्हत चढतात. दोन्ही बाजूंच्या कड्यांत कोरलेल्या उंचच उंच जैन मूर्ती शांतपणे बघत उभ्या असतात. पहिल्या मूर्तीपर्यंत पोचायच्या आधीच सीमंतिनी उतरली. सायकल ढकलत घरी आणली आणि चेन पडली म्हणून सांगितलं. चेन जागच्या जागी होती. नवरा राघव बँकेत अधिकारी आहे, खोट्या सह्या ओळखण्यात आयुष्य गेलेलं. तो एवढंच म्हणाला, “आणि कोथिंबीर?”

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. मग दर रविवारी. घरात हिशोब मूर्तींचा चालू झाला. “आज कितवी?” तात्यासाहेब पेपरातून डोकं न काढता विचारत. चार महिन्यांनी एका सकाळी ती पाय न टेकता वर पोचली. वर जाऊन माणूस शहराकडे बघतो, दोन फोटो काढतो. ही बाई सायकल वळवून खाली आली आणि परत चढली.

तिला शर्यतीत ओढणारी तिची मामेबहीण, पुण्याची अवंतिका. वय तेहेतीस, डोंगरातल्या सायकलवाल्यांत तिचं नाव आहे. एप्रिलमध्ये हिमाचलात चार दिवसांची शर्यत होती, जोडीजोडीने धावायची. नियम असा की जोडीतल्या दोघींमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये, आणि एक थांबली तर दुसरीही बाद. अवंतिकाच्या जोडीदारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. इंदूरच्या एका लग्नात जिलबी खाता खाता अवंतिका म्हणाली, “ताई, तू येतेस का?” हे तिने किती मनापासून विचारलं होतं देव जाणे. सीमंतिनीने हातातली जिलबी संपवली आणि म्हणाली, “येते.”

मग पाच महिने त्या घरात जे चाललं ते गल्लीने उघड्या खिडक्यांतून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर चाक उतरवून पंक्चर काढायचा सराव चाले. कुकर गॅसवर चढवायचा आणि तिसरी शिट्टी व्हायच्या आत ट्यूब बदलून चाक परत बसवायचं. पहिल्या आठवड्यात सात शिट्ट्या होऊन गेल्या आणि वरणाचं पिठलं झालं. “मला काय, मी दोन्ही खातो,” राघव म्हणाला. खिशात बाळगायला काही खाणं हवं, तर सीमंतिनीने सरळ तिळाचं गजक घेतलं. थंडीच्या दिवसांत ग्वाल्हेरात ते जिथे तिथे मिळतं, खिशात चुरा झाला तरी चुऱ्याची चव तीच. पुण्याहून अवंतिका रोजचा व्यायाम फोनवर लिहून पाठवी. त्यात आठवड्यातून एक दिवस ‘विश्रांती’ असे. त्या दिवशी राघवही विश्रांती घेई. बाकीचे सहा दिवस त्याने काय केलं, हे कोणी विचारू नये.

जानेवारीच्या शेवटी अवंतिकाचा फोन आला. “ताई, नावं द्यायची मुदत ह्या रविवारी संपते. मी शुक्रवारी येते. शनिवार-रविवार दोघी बरोबर चालवू. लागोपाठ दोन दिवस जमलं तर तुझं नाव देते. नाही जमलं तर नाशिकची एक मुलगी तयार आहे. राग मानू नकोस हं.”

“राग कशाचा,” सीमंतिनी म्हणाली. फोन ठेवून तिने एकाच डाळीला दोनदा फोडणी दिली.

अवंतिका आली तशी सगळ्यांना आवडली. तात्यासाहेबांच्या पाया पडली, सायकलचं खोकं स्वतः उचलून जिना चढली. फक्त सीमंतिनीने “सब्जी गरम करते, तोपर्यंत तू नहाऊन घे” म्हटलं की ती ओठ दाबून हसे. ग्वाल्हेरची मराठी पुण्याच्या माणसाला अशीच लागते, खीर म्हणून तोंडात घातली आणि ती कढी निघाली.

शनिवारी सकाळी ऊन वर आल्यावर दोघी निघाल्या. तिघऱ्याच्या धरणाकडे ज्या खडकाळ टेकड्या आहेत तिथे गुराखी आणि शेळ्यांनी पाडलेल्या वाटा आहेत. राघव चहाचा थर्मास घेऊन धरणापाशी गाडीत बसला. वाट सीमंतिनीच्या ओळखीची, म्हणून ती पुढे. अवंतिकाने बजावलं होतं, “वळणापलीकडे मला दिसत नाही. पुढची जे ओरडते तेच मागचीचे डोळे. शेळ्या असोत, दगड असोत, वाट मोकळी असो, जे असेल ते सांगायचं. मी वेग कमी न करता तुझ्या शब्दावर येणार.”

तासभर झकास चाललं. सीमंतिनी “दगड” म्हणाली की दगड असायचा, “शेळ्या” म्हणाली की शेळ्या. अवंतिकाच्या मनात नाशिकची मुलगी हळूहळू पुसट व्हायला लागली होती. मग टेकडीच्या कमरेशी एक पडकी दगडी छत्री लागली, कुठल्याशा सरदाराच्या आठवणीसाठी बांधलेली. तिथे वाट दुभंगते. डावी फांदी टेकडीच्या अंगाने पुढे जाते, उजवी तळ्याकडे घसरते. छत्रीच्या पलीकडे एरवी शेळ्यांचा मेळा बसलेला असतो. आज तिथे चिटपाखरू नव्हतं. सीमंतिनी डावीकडे वळली, पुढची वाट पाहून खूश झाली आणि मागे ओरडली, “रस्ता खाली आहे, ये.”

आता ग्वाल्हेरात कोणालाही विचारा. रस्ता खाली आहे म्हणजे रस्त्यावर कोणी नाही. डबा खाली, खुर्ची खाली, खिसा खाली. हिंदीच्या शेजारी दोनशे वर्षं राहिल्यावर एवढी उसनवार होणारच. पण पुण्याच्या माणसाच्या कानाला खाली म्हणजे खाली, पायांच्या दिशेला. अवंतिकाला हिंदी काही कमी येत नव्हती, पण वाक्य मराठी होतं, आणि मराठी वाक्यात रस्ता खाली आहे म्हटल्यावर ती छत्रीशी आली आणि वेग कमी न करता, शब्दावर विसंबून, उजवीकडे खाली गेली.

सीमंतिनी पुढे जाऊन थांबली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. हाका मारल्या. शेवटी सायकल आडवी टाकून ती पळत मागे आली, तर तळ्याच्या काठाशी चिखलात अवंतिका गुडघ्यापर्यंत रुतलेली, एका हातात सायकल, दुसऱ्या हाताच्या कोपरात बाभळीचे काटे, आणि भोवती सात म्हशी पाहुणी आल्यासारख्या जमलेल्या. म्हशींची मालकीण, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, काठी टेकून बघत होती.

“मॅडम, गैल तो ऊपर से थी,” ती वरच्या वाटेकडे काठी दाखवत सीमंतिनीला म्हणाली. “ये तो सीधी भैंसों में आ गईं.”

सायकल उपसून काढायला आणि वर चढवायला एकोणीस मिनिटं गेली. वर आल्यावर अवंतिकाने बुटातला चिखल झटकला. मग म्हणाली, “तू म्हणालीस खाली आहे.”

“खालीच होता. एक माणूस नव्हता, एक शेळी नव्हती.”

अवंतिकाने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू उजेड पडला. “मग रिकामा म्हणायचं.”

“रस्ता रिकामा? रिकामा माणूस असतो.”

“मोकळा म्हण.”

“ते घाईत तोंडात येत नाही ना. घाईत जे घरी बोलतो तेच येतं.”

सीमंतिनीने खिशातून गजक काढून पुढे केलं. अवंतिकाने हाताने नको म्हटलं आणि आपल्या खिशातली पाकिटातली चिकट जेली पिळून तोंडात घातली. “ताई, गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी आम्ही अकरा मिनिटांच्या अंतराने बाद झालो,” ती म्हणाली. “पाय थकले म्हणून नाही. माझी जोडीदारीण पूल म्हणाली आणि मला धूळ ऐकू आलं. चार दिवसांत असं एकदा झालं की घरी. मला परत तसं घरी यायचं नाहीये.”

हे ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सीमंतिनी सुईने अवंतिकाच्या कोपरातले काटे काढत बसली. राघव शहाण्यासारखा गाडीत पडलेला चिखल धुवायला निघून गेला. बोलले ते तात्यासाहेब.

“मी पुण्याला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट,” ते म्हणाले. “मुलीच्या वडिलांनी विचारलं, आपलं काय काय झालंय? मी म्हटलं, माझी सगळी शिक्षा ग्वाल्हेरलाच झाली. मला म्हणायचं होतं शिक्षण. ते गृहस्थ बायकोकडे बघायला लागले. मी म्हटलं, पुढच्या शिक्षेसाठी इंदूरला जायचा विचार होता, पण वडील म्हणाले एवढी पुरे.”

अवंतिका दिवसभरात पहिल्यांदा मोकळी हसली. “मग? दिली का मुलगी?”

“कसली देताहेत. चहासुद्धा अर्धा कप दिला. शेवटी इथलीच केली, जिला माझी शिक्षा समजत होती.”

हसून झाल्यावर अवंतिका फोन घेऊन गच्चीवर गेली. सीमंतिनी दोरीवरचे कपडे काढायला मागोमाग गेली आणि दारातच थांबली. अवंतिका कोणाला तरी सांगत होती, “उद्या दुपारपर्यंत कळवते. तयारीत राहा तू, बहुतेक येशीलच.”

सीमंतिनी कपडे न काढताच खाली आली. पोळ्या लाटायला बसली आणि लाटता लाटता पुटपुटायला लागली. खाली म्हणजे उतार. खाली म्हणजे उतार. रिकामा, रिकामा, रिकामा.

“कोणाला म्हणतेस?” राघव दारातून म्हणाला. “आत्ताच गाडी धुऊन आलोय मी.”

ती हसली नाही. “ती नाशिकची मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे,” ती म्हणाली. “मराठीपण शुद्ध असेल तिची.”

राघवने एक पोळी तव्यावर टाकली, तीही उलटी. “तू चार महिन्यांत सगळ्या मूर्ती पार केल्यास,” तो म्हणाला. “एका शब्दाने काय अडतंय.” पण एका शब्दानेच अडलं होतं, हे त्यालाही दिसत होतं.

झोपेपर्यंत तिने तो शब्द इतका घोटला की सकाळी उठली तेव्हा खाली म्हणजे उतार, हे तिच्या अंगात मुरलं होतं. सेहेचाळीस वर्षांची सवय तिने एका रात्रीत बदलली होती. फक्त हे तिने कोणाला सांगितलं नाही.

रविवारी अवंतिका म्हणाली, “आज मी पुढे. वाट आता पाठ आहे, म्हशींसकट.” पाय दोघींचेही जड झाले होते, आणि खरी परीक्षा तीच होती, दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ती. सीमंतिनीचे पाय कुरकुरले, पण चालले. चढावर अवंतिकाला दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं आणि दोन्ही वेळा ताई मागच्या चाकाशी होती.

छत्री आली. अवंतिका वळसा घालून डाव्या वाटेला लागली. समोर एकही शेळी नव्हती. तिला मोकळा म्हणायचं होतं. पण चांगल्या घरातली मुलगी, काल रात्री तिलाही वाईट वाटलं होतं. ताईला पुण्याचे शब्द शिकवण्यापेक्षा आपण तिचा एक शब्द घ्यावा असं तिने मनाशी ठरवलं होतं. तेही कोणाला न सांगता. ती मोठ्याने ओरडली, “खाली आहे.”

मागे सीमंतिनीने ऐकलं. खाली म्हणजे उतार. अंगात मुरलेलंच होतं. तिने क्षणभरही विचार न करता हँडल उजवीकडे वळवलं आणि तळ्याकडे सुटली.

अर्ध्या उतारावर तिला म्हशी दिसल्या आणि मग डोक्यात दिवा लागला. म्हातारी काठी टेकून तिथेच उभी होती. “आज तुम आ गईं,” ती समजूतदारपणे म्हणाली.

मागे वळून चढायचं तर चार मिनिटं. दोन मिनिटांचा नियम मोडला, आणि नाशिकची मुलगी तयारीत. सीमंतिनीच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षांपूर्वीचा एक कागद आला, हाच तिघऱ्याचा, तिने स्वतःच्या हाताने काढलेला. तळ्याच्या पलीकडे उंचीच्या रेषा एकमेकींपासून लांब लांब होत्या. रेषा लांब म्हणजे चढ सौम्य. आणि डावी वाट टेकडीला मोठा वळसा घालून तिथेच येते. “अम्मा, उधर से भैंसें ऊपर जाती हैं क्या?” तिने न थांबता विचारलं.

“रोज जाती हैं.”

सीमंतिनीने सायकल खांद्यावर घेतली. चिखलाच्या कडेने, एका म्हशीच्या पाठीवर हात टेकून, ती पलीकडे गेली. सायकल उतरवली, तिच्यावर बसली आणि म्हशींच्या वाटेने दात आवळून चढली. उरवाईच्या त्या सगळ्या दगडी मूर्ती आज तिच्या बाजूने असाव्यात.

इकडे अवंतिका वळसा संपवून थांबली होती. मागे कोणी नाही. तिने घड्याळाचं बटण दाबलं आणि तिचा चेहरा उतरला. एक मिनिट झालं. दीड झालं. ती मागच्या वाटेकडे टक लावून होती आणि आवाज आला पुढून.

“मी इकडे आहे.”

चाळीस पावलं पुढे सीमंतिनी उभी होती, मांडीपर्यंत चिखल, केसांत बाभळीचा पाला. अवंतिकाने बटण दाबून घड्याळ थांबवलं. एक मिनिट पन्नास.

“तू पुढे कशी?”

“तू म्हणालीस ना, खाली.”

“अगं, मी तुझं खाली म्हणाले.”

“मी तुझं ऐकलं.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अवंतिका सायकलच्या हँडलवर डोकं टेकून हसायला लागली, आणि सीमंतिनी आधी घाबरून आणि मग तिच्याबरोबर हसायला लागली.

“परत का नाही फिरलीस?” शेवटी अवंतिकाने विचारलं.

“दोन मिनिटं आहेत ना. नकाशात वाट होती.”

अवंतिकाने हातमोजे काढले. डोळे पुसले, हात पुढे केला. “ते गजक दे तुझं.”

सीमंतिनीने खिशातून चुरा काढला. अवंतिकाने तळहातावरचा शेवटचा तीळसुद्धा टिपून खाल्ला. मग धरणाकडे उतरताना तह झाला. उतार म्हणजे उतार, तो पुण्यातही उतार आणि ग्वाल्हेरातही. आणि खाली म्हणजे कोणी नाही, बेलाशक ये. “माझी सवय मी बदलते,” अवंतिका म्हणाली. “तुझी घाईत बदलायला गेलो तर तू सगळ्या हिमाचलच्या म्हशी गोळा करशील.”

जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. त्याआधी गच्चीवर जाऊन नाशिकला फोन केला, तो लवकर संपला. तात्यासाहेब आणि राघव तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. सीमंतिनी लांब, ओट्याशी, पुसलेला ओटा परत पुसत होती. तिचं नाव लिहून झालं, वय लिहून झालं, रक्तगट झाला.

“जोडीचं नाव काय दिलंस?” राघवने विचारलं.

“खाली.”

“खाली कुठे?” राघव वाकला आणि पान खाली सरकवायला लागला. “खाली तर अटी लिहिल्यात.”

“खाली का सोडते आहेस?” तात्यासाहेब म्हणाले. “काहीतरी भर त्यात. शिवनेरी भर.”

ओट्याशी सीमंतिनीने फडकं तोंडावर धरलं होतं. अवंतिकाने दोघांचेही हात बाजूला केले आणि नोंदणीचं बटण दाबलं.

दुपारी सुमनताई आवळे उलटायला गच्चीवर आल्या. पुराणिकांच्या दोरीवर आज उशी शिवलेल्या दोन चड्ड्या होत्या, दोन्ही चिखलात बुडवून काढल्यासारख्या. सुमनताईंनी नीट पाहिलं, आणि डबाभर सुरण किसायला लगेच खाली गेल्या.

“पाहुणीलासुद्धा आहे,” त्यांनी जिन्यातच सुनेला सांगितलं. “माहेरचंच असावं.”